मैदानात नंबर कोण करणार? बैलगाडा शर्यतीतले दावेदार कसे ओळखायचे, आणि बैलात भांडवल घालायचं का

गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत शर्यतीच्या बैलाचा विषय ओझरता निघाला आणि वेळ संपला, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. मुरबाडच्या बॅचमध्ये शहापूरकडचा एक तरुण आला होता. वय पंचवीसच्या आत. समृद्धी महामार्गात घरची थोडी जमीन गेली होती. भरपाईचे बरेचसे पैसे घर बांधण्यात, बहिणीच्या लग्नात आणि एका गाडीत संपले होते. बँकेत राहिले होते सहा लाख. चहाच्या सुट्टीत तो हळूच म्हणाला, "सर, एक खोंड बघितलाय. चार लाखाला मिळतोय. दोन मैदानं मारली की पैसे वसूल. करू का?"

मी लगेच 'नको' म्हणालो नाही. आपल्या भागात बैलाला नुसतं 'नको' म्हणून चालत नाही. घराघरांत आजोबांच्या बैलांच्या गोष्टी आहेत, पौष पौर्णिमेला म्हसाच्या जत्रेत बैल बघत फिरण्यात आमचं बालपण गेलंय. मी त्याला एवढंच विचारलं, "हा खोंड नंबर करेल, हे तुला कशावरून वाटतं?" तो म्हणाला, "पळताना बघितलाय ना. मोबाईलवर."

मग ठरवलं, आधी मैदानावर जाऊन दावेदार ओळखायला शिकायचं, पैशाचं नंतर बघू. माझ्या ओळखीचे एक जुने गाडामालक आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांना सोबत घेतलं आणि सरळगावच्या पुढे भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या माळावर एका दिवसाच्या मैदानाला आम्ही तिघं गेलो. तरुणाच्या हातात शंभर पानी वही दिली. नियम एकच ठेवला, गाडा सुटायच्या आधी अंदाज लिहायचा. निकाल लागल्यावर "मला वाटलंच होतं" म्हणणारे मैदानात हजार असतात.

आधी शर्यत कुठली, ते बघा

आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यात बिनजोड शर्यतीची जुनी आवड आहे. त्यात दोनच गाडे समोरासमोर पळतात. इथे अर्धी लढाई जोड लागतानाच होते, कारण कोणाशी पळायचं हे मालक ठरवतो. हुशार मालक आपल्यापेक्षा थोडा कमी, पण नाव असलेला बैल शोधतो. म्हणून एखादा बैल दहा वेळा जिंकला असं कोणी सांगितलं, की मामांचा पहिला प्रश्न असतो, "कोनासंगती पळला?"

सातारा-सांगलीकडच्या पद्धतीत एकेका गटात अनेक गाडे सुटतात. गट जिंकला की सेमी, मग फायनल. म्हणजे फायनल मारणारी जोडी त्या दिवशी तिसऱ्यांदा पळत असते. आणि पुणे जिल्ह्यातल्या घाटात तर गाडे एकेक करून पळतात, पुढे घोडी असते, आणि लढत सेकंदांशी असते. तीन पद्धती म्हणजे तीन वेगळ्या परीक्षा. घाटातला बैल बिनजोडला चालेलच असं नाही. एका पट्ट्यात नाव असलेला बैल विकत आणून दुसऱ्या पट्ट्यात पळवायचा आणि मग "बैल बिघडला" म्हणायचं, हे मी दोनदा बघितलंय. बैल बिघडला नव्हता, गिऱ्हाईक चुकलं होतं.

वयाचा गटही बघायचा. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार दातांचा चौसा. आदतमध्ये वाऱ्यासारखा पळणारा खोंड मोठ्या बैलांत गेला की त्याचं काय होईल, हे पळाल्याशिवाय कोणालाच कळत नाही. आमच्या तरुणाने बघितलेला खोंड आदत होता. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

बैल नाही, जोडी

त्या दिवशी तिसऱ्या गटात एक काजळी खिल्लार उतरला. अंगाने देखणा, शिंगं जुळ्यासारखी, गळ्यात घुंगरमाळ. पोरांची मोबाईल काढून झुंबड. आमच्या तरुणाने लगेच त्याचं नाव लिहिलं. मामा बराच वेळ त्याच्या शेजारच्या बैलाकडे बघत होते. तो कोसा, साधासाच. मामा म्हणाले, "ह्यो उजव्या खांद्याचा हाय, त्याला डावीकडं जुंपलाय. बगा आता."

गाडा सुटला. पहिले शे-दीडशे फूट काजळी पुढे, मग जू तिरकं व्हायला लागलं. एक बैल ओढतोय, दुसरा त्याच्या अंगावर येतोय. गाडा कडेला गेला आणि लोकांनी दोरीच्या मागे उड्या मारल्या. गट दुसऱ्याच जोडीने मारला.

जू एकच असतं हो. गाडा जातो तो दोघांच्या मिळून वेगाने, आणि बहुतेक वेळा त्यातल्या कमी बैलाच्या वेगाने. बरेच बैल एकाच खांद्याला पळतात. दोन्ही खांद्यांना सारखं पळणारा बैल मिळाला तर त्याची किंमत वाढते, कारण त्याला जोडीदार शोधणं सोपं जातं. आणि इथेच धंद्याची पहिली अडचण दडलेली आहे. तुम्ही चार लाख देऊन बैल घेता तेव्हा अर्धाच गाडा घेता. उरलेला अर्धा दुसऱ्या मालकाच्या गोठ्यात असतो. त्याचं मन फिरलं, त्याचं दुसऱ्या कोणाशी जमलं, की तुमचा बैल दावणीला.

जोडीनंतर मी बघतो ती विश्रांती. मागचं मैदान कधी झालं? रात्रभर पिकअपमध्ये उभा राहून आलाय का? माळशेज घाट उतरून आलेला बैल सकाळी दहाला पाण्याला तोंड लावत नसेल, तर त्याचं नाव कितीही मोठं असो, मी त्याला खाली धरतो. मामा तर बैलाच्या शेणाकडेसुद्धा बघतात. हसू नका. पातळ शेण म्हणजे प्रवासाचा किंवा बदललेल्या खुराकाचा ताण, आणि तो फायनलला दिसतो.

मग जमीन. आमच्या भातखाचरांची माती सकाळी दवाने ओलसर आणि घट्ट असते, दुपारनंतर भुसभुशीत होऊन उडायला लागते. हलक्या अंगाचा, झटक्यात सुटणारा बैल सकाळच्या गटात चमकतो. संध्याकाळी त्याच माळावर, पन्नास-साठ गाडे पळून माती उकरली गेल्यावर, रेटून ओढणारा बैल पुढे येतो. म्हणून सकाळी सगळ्यात जोरात पळालेल्या जोडीला डोळे झाकून फायनलची दावेदार म्हणू नका. ती कितीने जिंकली यापेक्षा शेवटच्या टप्प्यात कशी होती ते बघा. श्वास कसा होता, मान खाली गेली होती का, आणि गाडा थांबल्यावर किती वेळात शांत झाली.

गाडीवान आणि सुट्टी करणारा माणूस यांच्यावर खूप लिहिता येईल, पण एवढंच सांगतो: सुट्टीला एक बैल आधी आणि एक मागून निघाला, तर तिथे गेलेलं अंतर शेवटपर्यंत भरून निघत नाही. चिठ्ठीत कुठली चाकोरी आली तेही लिहून ठेवा. गर्दीच्या कडेने पळायची सवय नसलेला बैल शिट्ट्यांनी बुजतो.

अंदाज किती बरोबर आला?

दिवसभरात आम्ही नऊ गटांचे अंदाज लिहिले. तरुणाचे तीन बरोबर आले, माझे चार, मामांचे सहा. फायनल तिघांचीही चुकली. ज्या जोडीला आम्ही तिघांनी वर धरलं होतं तिच्या गाडीचं चाक सेमीत शेजारच्या गाड्याला घासलं आणि बैल बिचकले. मामांनी शांतपणे तंबाखू मळली.

चाळीस वर्षं बैलांत घालवलेल्या माणसाचं हे गणित आहे, हे लक्षात ठेवा. तिकडे इंग्लंडात घोड्यांच्या उड्यांच्या शर्यती असतात, कुंपणं आणि खंदक ओलांडत पळायचं. तिथे प्रत्येक घोड्याच्या मागच्या सगळ्या शर्यती, पाठीवरचं वजन, जमीन ओली की कोरडी, स्वार कोण, असं सगळं छापून मिळतं. एवढी माहिती हातात असूनही ज्याला सगळे पहिली पसंती देतात तो घोडा साधारण तीनातून एकदा जिंकतो. त्यांची सगळ्यात मोठी शर्यत ग्रँड नॅशनल. 1967 साली तिथे तेविसाव्या कुंपणाशी स्वार नसलेला एक घोडा आडवा आला आणि मागचे सगळे एकमेकांवर आदळले. फॉइनाव्हॉन नावाचा, एकाला शंभर भाव असलेला घोडा इतका मागे होता, की त्याला वाट काढायला वेळ मिळाला. तो जिंकला. पहिली पसंती असलेला घोडा दुसरा आला.

आपल्या मैदानात तर छापील माहिती नाहीच. असतात ते रील. आणि रील कोण टाकतं? जिंकलेला मालक. हरलेल्या पळाचा व्हिडिओ कोणी गाणं लावून टाकत नाही. आमच्या तरुणाने त्या खोंडाचे मोबाईलवर चार पळ बघितले होते, चारही जिंकलेले. मी त्याला लाइव्ह प्रक्षेपणाची जुनी रेकॉर्डिंग शोधायला लावली, दिवस-दिवसभराची, कंटाळवाणी. तीन रात्री जागून त्याने बघितली. खोंड एकूण अकरा वेळा पळाला होता. चार जिंकला, सात हरला. जिंकलेल्या चारपैकी तीन वेळा जोडीदार एकच बैल होता, आणि तो बैल आता विकला गेलेला.

हा शोध त्याने स्वतः घेतला, मी फक्त विचारलं. व्यापारात कोणी तुम्हाला "चालू धंदा" विकायला आला तर हेच करायचं असतं. चांगले महिने तो दाखवतो, वाईट महिने आपण मागायचे.

आता हिशोब

हे आकडे आम्ही तिघांनी बसून धरलेले आहेत. तुमच्या गावचे वेगळे असतील, ते घालून बघा.

खुराक, म्हणजे पेंड, भरडा, डाळ, दूध, अंडी, वैरण धरून दिवसाला 500 रुपये. वर्षाचे 1,82,500. वर्षाला 20 मैदानं धरली आणि प्रत्येक मैदानाला पिकअप, प्रवेश फी, गाडीवान आणि सोबतच्या पोरांचं जेवण मिळून 6,000 धरले तर 1,20,000. डॉक्टर, औषधं, पत्री यांचे 15,000. झाले 3,17,500. बैल चार लाखाचा, त्याची पळायची चांगली वर्षं चार धरली तर दर वर्षी एक लाख घसारा. एकूण 4,17,500. स्वतःच्या मेहनतीचा एक रुपयाही धरलेला नाही.

बक्षीस जोडीला मिळतं, म्हणजे निम्मं दुसऱ्या मालकाचं. तुमच्या हातात 4,17,500 यायचे असतील तर जोडीने वर्षात 8,35,000 ची बक्षिसं मारली पाहिजेत. गावच्या मैदानाचं पहिलं बक्षीस 51,000 धरा. भागाकार केला की सोळाच्या वर जातं. म्हणजे वीसपैकी सतरा मैदानांत पहिला नंबर. तेही फक्त खर्च निघायला.

तरुण बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण सर, मोठी मैदानं आहेत ना. थार मिळते, जेसीबी मिळतो." मिळतो, खरं आहे. मे 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत जेसीबी ठेवला होता, 2023 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत थार होती. पण तिथे राज्यभरातले निवडक बैल येतात. गावच्या मैदानात सातदा हरलेल्या खोंडाच्या भरवशावर थारचं स्वप्न, याला मी धंदा म्हणत नाही.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता. "बक्षीस सोडा. दोन नंबर केले की चार लाखाचा बैल आठ लाखाला जातो." हे होतं. बैलांत ज्यांनी खरोखर पैसा कमावला ते बहुतेक असेच, लहान खोंड हेरून, घडवून, नाव झाल्यावर विकणारे. पण ते एका खोंडावर थांबत नाहीत. त्यांच्या दावणीला पाच-सहा असतात, त्यातला एखादा निघतो, बाकीच्यांचा खर्च तो काढतो. सहा लाखांतले चार एकाच दाव्याला बांधणं ही वेगळी गोष्ट. शिवाय विकायची वेळ आली की हात आखडतो. मामांनीच कबूल केलं. त्यांच्या बैलाला एकदा चांगली मागणी आली होती, घरात म्हातारी रडली म्हणून दिला नाही. पुढच्या पावसात पायात कळ भरली. बैल म्हातारा होऊन त्यांच्याच गोठ्यात मेला. मामांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्यांनी तो धंदा म्हणून घेतलाच नव्हता. घर शेतीवर आणि वीटभट्टीवर चालत होतं.

जे बैलाच्या हातात नाही

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला, तोही कोर्टात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं ज्यांच्याकडे बैल होते त्यांनी खुराक घालायचं थांबवलं नव्हतं. पुन्हा शर्यती सुरू होऊन वर्ष होत नाही तोच सप्टेंबर 2022 मध्ये लम्पीमुळे जनावरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यती थांबल्या. बँकेचा हप्ता असता तर तो थांबला नसता.

आजही मैदानाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांतलं काहीही चालत नाही. अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विनापरवाना मैदानात बैल उतरवलात तर बक्षीस राहिलं बाजूला, गुन्हा अंगावर येईल. आणि अंदाज बरोबर येतो म्हणून पैज लावायचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर तो आत्ताच काढा, तो सरळ जुगार आहे. ईर्षा किती टोकाला जाते हेही आपण जवळून बघितलंय. नोव्हेंबर 2022 मध्ये अंबरनाथला शर्यतीच्या वादातून गोळीबार झाला होता.

मग काय केलं?

खोंड घेतला नाही. पण वही सोडली नाही. त्याने आणखी पाच मैदानं केली, शहापूर, मुरबाड, एक भिवंडीकडचं. दावेदार लिहिता लिहिता तो दुसऱ्याच गोष्टी लिहायला लागला. पिकअप कोणाची, बैल चढवायला फळी नीट आहे का, खुराक कुठून आणता, काय भावाने. एका मैदानावर परतताना मामा सहज बोलून गेले, "हरल्याला बैल पन खातोच की रं." पोराने तेही लिहून घेतलं.

बहुतेक मालक पेंड एकीकडून, डाळीची चुनी दुसरीकडून आणतात आणि भरडायला तिसरीकडे जातात. पावसाळ्यात माल ओला होतो, बुरशी धरतो, बैलाचं पोट बिघडतं. सहा लाखांपैकी एक लाख ऐंशी हजारांत त्याने भरडायची गिरणी, वजनकाटा आणि ताडपत्रीची शेड उभी केली. उरलेले पैसे आईच्या नावावर ठेवले, ही अट मी नाही, त्याच्या बहिणीने घातली. पहिल्या महिन्यात सात गाडामालक आणि चार दुधवाले गिऱ्हाईक झाले. त्यातल्या दोघांनी उधारी थकवली आहे आणि त्याला मागायची लाज वाटते, हा आत्ताचा प्रश्न आहे.

ज्याचा खोंड तो घेणार होता, तो मालकही त्याच्याकडूनच भरडा नेतो. खोंड आता दुसा झालाय, नवीन जोडीदारासोबत परवा गट पास झाला. फोन करून मला सांगितलं त्याने, आवाजात थोडी हळहळ होती. मी विचारलं, अंदाज काय लिहिला होतास? म्हणाला, "त्यालाच वर धरला होता, सर. सेमीत गेला."

पुढच्या व्हिडिओत गाडामालकांकडची उधारी नातं न तोडता कशी वसूल करायची, ते बघू. तोपर्यंत तुमच्या गावचे आकडे घालून वरचा हिशोब एकदा करून ठेवा.